जादूच्या कादंबऱ्यांवर लिहायचं कसं?

सेलूहून एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव छापू नका, असं त्यांनी कळवलंय. त्या औषधांच्या दुकानात काम करतात आणि रात्री जेवणं आटोपली की तास-दीड तास वाचतात. पत्रातला महत्त्वाचा भाग असा:

‘दोन वर्षांपासून मी फँटसी कादंबऱ्या वाचायलेय. काही मराठी अनुवाद, काही इंग्रजी. आमचा दहा जणींचा वाचनगट आहे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी एकीने आपण वाचलेल्या पुस्तकाबद्दल बोलायचं आणि ते गटाच्या वहीत लिहून ठेवायचं, असं ठरलंय. माझी पाळी आली की मी सगळी गोष्टच सांगत बसते. गोष्ट बाजूला काढली तर “लई छान आहे” एवढंच उरतं. पन्नास-साठ पानांनंतर नावांचा गोंधळ होतो तो वेगळाच. तीन खंडांची एक इंग्रजी कादंबरी पहिल्या खंडानंतर सुटली, तिच्यावर लिहावं का नाही कळेना. गटातल्या मोठ्या बाया म्हणायल्यात, “ही लेकरांची पुस्तकं कामून वाचायलीस?” मी आत्मचरित्रं, ग्रामीण कादंबऱ्याही वाचते. त्यांना जी फूटपट्टी लावते तीच ह्यांना लावायची का?’

ताई, तुम्ही पुस्तक संपल्यावर लिहायला बसता, घोळ तिथेच होतो. पाचशे पानं वाचून झाल्यावर डोक्यात उरतो तो घटनांचा क्रम आणि शेवट. चाळिसाव्या पानावर अंगावर आलेला काटा, दोनशेव्या पानावर आलेला कंटाळा, मधेच एखाद्या पात्राचा आलेला राग, हे सगळं शेवटाखाली दबून जातं. हाताशी गोष्टच उरते, म्हणून माणूस गोष्टच सांगतो. ठसा उमटतो त्याच वेळी टिपून ठेवला तर लिहिण्याचं निम्मं काम पुस्तक संपायच्या आधीच झालेलं असतं.

त्यासाठी वेगळी वही लागत नाही. ए-फोर आकाराचा कागद उभा घेऊन त्याच्या चार उभ्या पट्ट्या कापा. एक पट्टी साधारण पाच सेंटीमीटर रुंद होते, खूण म्हणूनही पुस्तकात राहते. लांबी बाहेर डोकावत असेल तर खालून दुमडा. पट्टीच्या एका बाजूला नावं आणि दुसऱ्या बाजूला पान क्रमांक, त्यापुढे चार-पाच शब्द. ‘७३, धुकं, गार वाटलं’ एवढं पुरे. पूर्ण वाक्यं लिहायला गेलात तर वाचनाची लय तुटते आणि तिसऱ्या दिवशी पट्टी सुटून जाते. लिहायला पेन्सिल घ्या. जेल पेनची शाई पुस्तक मिटल्यावर समोरच्या पानावर उतरते, आणि पुस्तक वाचनालयाचं असेल तर तो डाग कायमचा. चिकटणाऱ्या रंगीत चिठ्ठ्या जुन्या, पिवळ्या पडलेल्या कागदाला लावू नका, काढताना कागदाचा पापुद्रा अक्षरांसकट निघतो. टिपणासाठी फोन हातात घेतलात तर आधी आलेले निरोप दिसतात आणि रात्रीच्या दीड तासातली वीस मिनिटं तिथेच जातात.

प्रत्येक प्रकरण संपलं की आणखी एक ओळ टिपा: ह्या प्रकरणात काय बदललं? ‘घाबरट होता, आता हट्टी झाला.’ ‘दोघांचं भांडण मिटलं.’ सलग तीन-चार प्रकरणांपुढे ‘चालले, जेवले, झोपले’ असंच येत गेलं तर कादंबरी तिथे सैल पडली आहे, हे तुम्हाला वाचता वाचताच कळेल. प्रवासाच्या लांबलचक फँटसीत ही जागा बहुतेक मधल्या एकतृतीयांश भागात येते. मग गटात ‘मधे जरा रटाळ आहे’ असं म्हणण्याऐवजी ‘नवव्यापासून बाराव्या प्रकरणापर्यंत कुणातच काही बदलत नाही’ असं सांगता येईल. ज्या दुसरीने ते पुस्तक वाचलंय तिला त्यावर बोलता येईल, खोडूनही काढता येईल.

पुस्तक संपलं की चोवीस तासांच्या आत पट्टी समोर ठेवून पाच ओळी खरडून ठेवा, अक्षर-भाषा बघू नका. मग आठवडाभर थांबा. आठव्या दिवशी पट्टी न बघता जे आठवतं ते आधी लिहा आणि नंतर पट्टीशी ताडून पाहा. पट्टीवर दोनदा रेघ मारलेली जागा आठवड्यात पुसली गेली असेल तर ती त्या क्षणापुरती गंमत होती. उलट, पट्टीवर नसलेलं एखादं वाक्य दुकानात औषधं काढताना रोज आठवत असेल तर पुस्तकाची ताकद तिथे आहे. ह्या दोन्हींवर मिळून दीडशे ते दोनशे शब्द लिहा. त्याहून लांबलं की गोष्ट परत आत शिरते.

गोष्ट अजिबात सांगायची नाही असं नाही, ऐकणारीला उभं राहायला जमीन तर हवी. पण ती तीन वाक्यांत सांगा, आणि पुस्तकाच्या पहिल्या चौथाईपलीकडची कुठलीही घटना उघड करू नका. रहस्य फुटण्याची भीती त्याने आपोआप मिटते.

एक उदाहरण घेऊ. अर्सुला ले ग्विन यांची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ ही १९६८ साली आलेली छोटेखानी कादंबरी ह्या प्रकाराच्या वाचकांना चांगली माहीत आहे. पहिल्याच प्रकरणात डोंगराळ बेटावरच्या एका गावावर शत्रू चालून येतात, आणि एक पोरगा तोवर शिकलेल्या मंत्रांच्या जोरावर गावाभोवती धुकं विणून गाव वाचवतो. ह्यावर नुसती गोष्ट लिहिली तर ती अशी होते: ‘गेड नावाचा मुलगा असतो. त्याच्या गावावर हल्ला होतो. तो धुकं आणतो. मग त्याला गुरू भेटतात. मग तो जादूच्या शाळेत जातो. खूप छान पुस्तक आहे, जरूर वाचा.’ ह्यातून पुस्तक कसं आहे ते कळत नाही, आणि ते वाचणारी कोण आहे तेही कळत नाही.

ठसा लिहिला तर तो असा होऊ शकतो: ‘गाव वाचवलेलं पोरगं मिरवत नाही. त्याची वाचाच जाते. खाणं नाही, झोप नाही. अंगातलं सगळं बळ त्याने त्या धुक्यात घातलेलं असतं. मी इथे थांबले, कारण जादू केल्याने माणूस थकतो हे मला आधी कुठल्या पुस्तकात भेटलं नव्हतं. दिवसभर ज्वारी काढून आलेली बाई ताटावर बसायलाही नको म्हणते, तसं ते वाटलं. म्हणून पुढे हाच मुलगा ईर्ष्येपोटी त्याहून मोठा मंत्र म्हणायला निघतो तेव्हा मला मजा वाटली नाही, पोटात गोळा आला.’

दुसऱ्या नोंदीत पुस्तकातली एक नेमकी जागा आहे, तिथे का थांबलात ते आहे, तुमच्या रोजच्या जगातलं एक साम्य आहे, आणि त्या जागेमुळे पुढचं वाचन कसं बदललं ते आहे. साम्य एकच ठेवा. दोन-तीन आली की नोंद पुस्तकावरून घसरून तुमच्या शेतावर जाते. आणि ‘अप्रतिम’, ‘खिळवून ठेवणारी’, ‘ओघवती भाषा’, ‘मनाला भिडणारी’ हे शब्द आले की तिथे थांबून स्वतःला विचारा, कुठल्या पानावर? पान सांगता आलं तर त्या पानावरचंच लिहा, शब्द आपोआप गळून पडतो. पान सांगता येत नसेल तर ते वाक्यच खोडा.

आता फूटपट्टी. आमच्या मते फँटसी तपासण्याची मुख्य कसोटी एकच आहे: ह्या कादंबरीने स्वतःला कोणते नियम घालून घेतले आणि ते शेवटपर्यंत पाळले का? ग्रामीण कादंबरीत पाऊस, सावकार, भाऊबंदकी हे नियम बाहेरच्या जगाने आधीच घालून दिलेले असतात. कादंबरी खोटं बोलली तर तुम्हाला लगेच कळतं, कारण तुम्ही ते जग बघितलेलं आहे. फँटसीत जग लेखकानेच उभं केलेलं असतं, म्हणून ‘असं कुठं असतंय का?’ हा प्रश्न तिथे लागू पडत नाही. ‘आधी असं सांगितलं होतं, आता तसं कसं?’ हा लागू पडतो.

हे समजायला परदेशी पुस्तकाची गरज नाही. कर्णाची वासवी शक्ती आठवा. कवचकुंडलं देऊन टाकल्यावर इंद्राकडून ती मिळते, आणि एकदाच वापरता येईल ही अट तिथेच घातली जाते. कर्ण ती अर्जुनासाठी राखून ठेवतो. चौदाव्या रात्री घटोत्कच कौरवसेनेचा चुराडा करायला लागतो तेव्हा ती त्याच्यावर टाकावी लागते आणि अर्जुनासाठी काही उरत नाही. नियम आधी सांगितला, त्याची किंमत ठरली, आणि ऐन वेळी कथेने ती किंमत वसूल केली. हीच अट घटोत्कच मेल्यावर पहिल्यांदा सांगितली असती तर ऐकणाऱ्याला फसवल्यासारखं झालं असतं. नायक संकटात सापडला आणि तेव्हाच त्याच्या अंगठीत आणखी एक गुण निघाला, असं कुठल्या कादंबरीत दिसलं तर पट्टीवर फुली मारा.

म्हणून पट्टीवर जादूसाठी चार खाने ठेवा: कुणाला येते, काय मोजावं लागतं, काय करता येत नाही, नियम मोडला तर काय होतं. पुस्तकाच्या पहिल्या एकतृतीयांश हिश्शात चारपैकी निदान दोन खाने भरले पाहिजेत. काही चांगल्या कादंबऱ्या जादू मुद्दाम धूसर ठेवतात, तिथे खाने रिकामे राहतात. पण अशी कादंबरी मग जादूने कुणाची सुटका करत नाही, जादू तिथे भीती किंवा अचंबा निर्माण करण्यापुरती असते. खाने रिकामे आणि सुटका मात्र जादूनेच, असं असेल तर ती कादंबरी कच्ची समजायला हरकत नाही.

अंतर हीसुद्धा चांगली कसोटी आहे आणि मराठवाड्यातल्या वाचकाकडे ती उपजत असते. नाथांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला पैठणहून निघते आणि आषाढी दशमीच्या सुमाराला पंढरपुरात पोहोचते. एवढ्या वाटेला पायी अडीच आठवडे लागतात, हे इथे घरोघरी माहीत आहे. चालणारा माणूस दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर जातो, सोबत म्हातारी माणसं, सामान, लेकरं असतील तर त्याहून कमी. कादंबरीतलं सैन्य दोन रात्रींत डोंगर ओलांडून चारशे किलोमीटरवर उगवलं तर त्याचं कारण पुस्तकाने दिलेलं असलं पाहिजे. नकाशा छापलेला असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा किंवा ट्रेसिंग पेपरवर उतरवून पट्टीला जोडा. ई-पुस्तकात नकाशा इतका बारीक दिसतो की गावांची नावं वाचता येत नाहीत, आणि मग वाचक तो सोडून देतो. किल्ल्याचं वर्णन आलं की देवगिरीशी ताडून पाहा. खंदक, तासलेला कडा, वळणावळणाची अंधारी वाट, प्रत्येक गोष्ट शत्रूला कुठेतरी अडवण्यासाठी केलेली आहे. कादंबरीतल्या किल्ल्यात कुणाला कुठे अडवलं जातं ते सांगता येत नसेल तर लेखकाने किल्ला आतून पाहिलेला नाही.

नावांचा गोंधळ तुमच्या एकटीचा नाही. जाडजूड फँटसीत पहिल्या पन्नास पानांत पंचवीस-तीस नावं सहज येतात आणि त्यातली बरीच परत येतही नाहीत. म्हणून नाव पहिल्यांदा आलं की लिहू नका, दुसऱ्यांदा आलं की लिहा. एवढ्याने यादी निम्मी होते. नावापुढे नातं लिहिण्याऐवजी डोळ्यांना दिसणारी एक खूण लिहा, ‘तुटकं बोट’, ‘सतत खोकतो’, कारण पन्नास पानांनी ‘राजाचा चुलतभाऊ’ लक्षात राहत नाही, खोकला राहतो. एकाच अक्षराने सुरू होणारी नावं एकाखाली एक लिहा. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ह्या अंगठीच्या महाकादंबरीत सॉरॉन आणि सारुमान हे दोघंही दुष्ट बाजूचे आहेत, आणि देवनागरीत तर ते आणखी जवळ येतात. अशी जोडी दिसली की दोन्हीखाली रेघ ओढून फरक तिथेच लिहा. इंग्रजीत वाचत असाल तर नावाचा मराठी उच्चार पहिल्याच दिवशी ठरवून टाका. रोज वेगळा उच्चार केला तर मेंदू ती दोन माणसं समजतो.

एकाच माणसाला चार नावं असतात तेव्हा घाबरू नका. श्रावणात ‘पांडवप्रताप’ ऐकलेल्या घरातली माणसं पार्थ, धनंजय, सव्यसाची आणि अर्जुन हे एकच आहेत हे न सांगता ओळखतात. तिथे प्रत्येक नाव प्रसंग बघून येतं. फँटसीतही बहुधा तसंच असतं: आईच्या तोंडी एक नाव, शत्रूच्या तोंडी दुसरं, गादीवर बसल्यावर तिसरं. कोण कुठल्या नावाने हाक मारतं ते टिपलंत तर पात्रांचे संबंध न शोधता सापडतात. अर्थसीच्या जगात तर खरं नाव कळलं की त्या माणसावर सत्ता चालते, म्हणून ते जपून ठेवतात. तिथे नावांची नोंद ठेवणं म्हणजे कथानकाचीच नोंद ठेवणं.

अनुवादाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण निम्मी पुस्तकं तुम्ही अनुवादात वाचता, तेव्हा हे सांगायलाच हवं. शीर्षकपानाच्या मागची बाजू आधी वाचा. मूळ पुस्तक कुठल्या वर्षीचं, अनुवादक कोण, ‘संक्षिप्त’, ‘स्वैर अनुवाद’, ‘रूपांतर’ किंवा ‘आधारित’ असा शब्द आहे का, ते पट्टीच्या माथ्यावर लिहा. संक्षिप्त आवृत्ती वाचून ‘लेखिकेने पात्रं घाईत संपवली’ असं लिहिलं तर दोष भलत्याच्या माथी जातो.

मग शब्द बघा. हॅरी पॉटरच्या पहिल्या भागाच्या मराठी नावात ‘परीस’ आहे. आपल्याकडचा परीस लोखंडाचं सोनं करतो, संतांच्या अभंगांतून तो घरोघरी पोहोचलेला आहे. मुळातला दगड सोनं तर करतोच, शिवाय त्यातून आयुष्य वाढवणारं अमृतही मिळतं, आणि खलनायकाला त्या अमृताचीच ओढ आहे. ‘परीस’ वाचणाऱ्या मराठी माणसाला आधी सोनं दिसतं, अमृत नंतर कळतं. हा अनुवादाचा दोष नव्हे, ह्याहून जवळचा शब्द मराठीत मिळणं अवघड. पण तुमच्या मनात कुठलं चित्र आधी उभं राहिलं हे नोंदीत आलं तर ते फक्त मराठी वाचकच सांगू शकेल असं काहीतरी असेल. तसंच पाण्यातल्या स्त्रीला अनुवादक ‘जलपरी’ म्हणाला तर शेपटीवाली सुंदरी दिसते, ‘आसरा’ म्हणाला तर बारवेच्या काठावरून लेकराला मागे ओढणारी आजी दिसते. मूळ प्रसंग भीतीचा असेल तर कुठला शब्द त्याला शोभतो, ह्यावर तुमच्या गटात अर्धा तास बोलता येईल.

‘तू’ आणि ‘तुम्ही’ हा आणखी मोठा मुद्दा. आजच्या इंग्रजीत दोघांना एकच शब्द. म्हणजे शिष्य गुरूला काय म्हणतो, बायको राजाला काय म्हणते, राक्षस नायकाला काय म्हणतो, हे सगळे निर्णय मराठी अनुवादकाने घेतलेले असतात. पात्रं ‘तुम्ही’वरून ‘तू’वर कुठल्या पानावर येतात ते टिपा. भांडणात येतात की जवळीक झाल्यावर? कुठलंही कारण नसताना एका पानावर ‘तू’ आणि पुढच्या पानावर ‘तुम्ही’ असेल तर संपादनाची चूक आहे आणि तसं लिहायला संकोच करू नका.

इंग्रजीत वाचायचं की मराठीत, हे ठरवायची सोपी रीत अशी: मधलं कुठलंही पान उघडून दोन पानं वाचा. पानामागे आठ-दहाहून जास्त शब्दांवर अडखळलात आणि अर्थाचा अंदाजही येईना, तर अनुवाद शोधा. तीन-चार शब्दच अडत असतील तर इंग्रजीच वाचा आणि शब्दकोश प्रकरण संपल्यावर उघडा. जुन्या धाटणीच्या इंग्रजीत लिहिलेल्या फँटसीची पहिली पन्नास पानं सगळ्यांनाच जड जातात.

तुमची सुटलेली तीन खंडांची कादंबरी. तिच्यावर जरूर लिहा, पण कुठे थांबलात ते पहिल्याच ओळीत सांगा: ‘पहिला खंड पूर्ण, दुसरा पान ३८पर्यंत.’ आणि ते खंड स्वतंत्र कादंबऱ्या आहेत की एकाच कादंबरीचे तुकडे, हे आधी बघा. टॉल्किन यांनी आपलं अंगठीचं पुस्तक एक सलग कादंबरी म्हणून लिहिलं होतं. युद्धानंतरच्या काळात कागद महाग होता, म्हणून प्रकाशकाने १९५४-५५मध्ये ते तीन खंडांत काढलं. त्यामुळे पहिला खंड संपतो तिथे सोबती पांगतात आणि काहीच मिटत नाही. एवढ्यावर ‘शेवट अपुरा वाटला’ असं लिहिणं अन्यायाचं होईल. काही मालिका तर लिहूनच पूर्ण झालेल्या नसतात. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ ह्या मालिकेच्या पहिल्या आणि पाचव्या खंडात पंधरा वर्षांचं अंतर आहे, १९९६ आणि २०११. अशा मालिकेवरच्या नोंदीला तारीख घाला, पुढचा खंड आल्यावर मत बदलायला जागा राहते.

कितव्या पानावर सोडावं? तीनशे पानांच्या पुस्तकाला आम्ही पन्नास पानं देतो, सातशेच्या फँटसीला शंभर, कारण जग उभं करायला तिथे जास्त पानं लागतात. त्यानंतरही दुसऱ्या दिवशी पुस्तक उचलावंसं वाटत नसेल तर सोडा, आणि कशामुळे सुटलं ते दोन ओळींत लिहून ठेवा. ‘कंटाळा आला’ हे कारण अर्धवट आहे. नावं जास्त होती, भाषा जड होती, की कुणाचंच काही पणाला लागलेलं नव्हतं? पहिल्या दोन कारणांवर उपाय आहे, पट्टी आणि अनुवाद. तिसरं कारण असेल तर परत हातात घेऊ नका.

गटातल्या मोठ्या बायांना पैठणची गोष्ट सांगा. ‘बृहत्कथा’ रचणारा गुणाढ्य परंपरेने सातवाहन राजाच्या दरबारातला, म्हणजे आपल्या प्रतिष्ठानचा, पैठणचा. त्याचा मूळ ग्रंथ आज उरलेला नाही. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात संस्कृतात ‘कथासरित्सागर’ रचला तो त्याच्याच आधाराने. त्यातली हकिगत अशी: राणी जलक्रीडेत ‘मोदकैः’ म्हणाली, म्हणजे ‘मा उदकैः’, पाणी मारू नका. राजाने मोदक मागवले. राणी हसली आणि राजाला संस्कृत येत नसल्याची लाज वाटली. सहा वर्षांत व्याकरण शिकवीन, असं गुणाढ्य म्हणाला. दुसऱ्या पंडिताने सहा महिन्यांत शिकवून दाखवलं. पैज हरल्यामुळे गुणाढ्याने संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा सोडल्या आणि विद्याधरांची कथा ‘पैशाची’ ह्या पिशाचांच्या भाषेत, स्वतःच्या रक्ताने, सात लाख श्लोकांत लिहिली. राजाने ती झिडकारली. मग गुणाढ्य डोंगरावर अग्नी पेटवून एकेक पान वाचायचा आणि आगीत टाकायचा. ऐकायला जमलेली जनावरं चरायची थांबली, इतकी की राजाच्या मुदपाकखान्यात येणारं मांस सुकं पडायला लागलं. चौकशी करत राजा तिथे पोचला तेव्हा एक लाख श्लोक उरले होते.

सोमदेवाच्या ग्रंथात विद्याधर आहेत, वेताळ आहे, उडती यंत्रं आहेत, आणि फसवणूक, लोभ, बायकांची हुशारी, राजांचा मूर्खपणा हेही सगळं आहे. तो मोठ्या माणसांसाठीच लिहिलेला आहे. मराठी कादंबरीच्या सुरुवातीच्या काळातही ‘मुक्तामाला’ (१८६१), ‘मंजुघोषा’ (१८६८) अशा अद्भुतरम्य कादंबऱ्या लोकांनी आवडीने वाचल्या. ‘लेकरांची पुस्तकं’ हा शिक्का बराच नंतरचा आहे. त्याचा एक व्यवहारी परिणाम तुम्हाला रोज भेटत असेल: वाचनालयात फँटसीचे अनुवाद पुष्कळदा बालविभागाच्या कपाटात लावलेले असतात. मोठ्यांच्या विभागात पुस्तक मिळालं नाही तर तिथे बघा, आणि नसेलच तर सूचनावहीत शीर्षक, अनुवादक, प्रकाशक असं पूर्ण लिहा. नुसतं ‘जादूची पुस्तकं मागवा’ लिहिलं तर कुणी काही मागवत नाही. गटातल्या तिघी-चौघींनी त्याच शीर्षकाखाली सह्या केल्या तर ते खरेदीच्या यादीत जाण्याची शक्यता वाढते.

आत्मचरित्राला आणि ग्रामीण कादंबरीला पट्टी तीच ठेवा, खाने बदला. आत्मचरित्रात घटना घडली ते वर्ष आणि लिहिलं ते वर्ष यांतलं अंतर टिपा, आणि घरातल्या कुठल्या माणसाचा उल्लेख टाळला आहे ते बघा. ग्रामीण कादंबरीत संवादातली बोली आणि निवेदनाची भाषा यांत किती फट आहे ते बघा: परभणीकडचा माणूस कोल्हापुरी बोलायला लागला तर तुमच्या कानाला ते आधी कळेल. ऐतिहासिक कादंबरीत कागदपत्रांत असलेलं कुठे संपतं आणि लेखकाचं कुठे सुरू होतं, हे शक्य तेवढं वेगळं करा. कवितासंग्रहाला पट्टी नकोच. एक कविता हाताने पूर्ण उतरवून काढा, तेवढी नोंद पुरते.

तारे आणि गुण देऊ नका. दहापैकी सात म्हणजे काय हे सहा महिन्यांनी तुम्हालाही सांगता येणार नाही. नोंदीच्या शेवटी तीनपैकी एक खूण करा: परत वाचेन, दुसरीला देईन, वाचनालयात परत केलं. ‘दुसरीला देईन’ असेल तर गटातल्या कुणाला आणि का, तेही लिहा, कारण ज्या बाईला गूढकथा आवडतात तिला देण्यासारखी फँटसी वेगळी आणि जिला पुराणं आवडतात तिला देण्यासारखी वेगळी.

येत्या शेवटच्या रविवारी तुमची पाळी असेल तर नवं पुस्तक घेऊ नका, दिवस पुरणार नाहीत. सुटलेल्या पहिल्या खंडातली जी जागा अजून आठवते ती काढा, तेवढी दहा पानं परत वाचा आणि तिच्यावर दीडशे शब्द लिहा. गटात बोलताना आधी ते अर्धं पान मोठ्याने वाचून दाखवा, मग तुमची नोंद. ती नोंद आम्हाला पाठवलीत तर तिच्यावर पुढच्या वेळी इथेच सविस्तर लिहू.